हवेचा हिशेब

माझं लहानपण सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. विहिरीवरचं डिझेल इंजिन रुसलं की फिटर सायकलवरून यायचा. आल्या आल्या पाना हातात घ्यायचा नाही. आधी उभा राहून आवाज ऐकायचा, धुराचा रंग बघायचा. धूर काळा असेल तर म्हणायचा, "तेल जास्त होतंय, नाहीतर हवा कमी पडतीय." किर्लोस्करवाडी १९१० साली वसली ती आमच्याच जिल्ह्यात. पुढे नोकरीसाठी साताऱ्याला आले, तर तिथेही कूपरचा इंजिनांचा कारखाना. त्यामुळे मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि जन्मभर व्याकरण शिकवलेल्या बाईलाही इंजिनाबद्दल थोडं कळतं, असा माझा समज आहे. (भाच्याला तो मान्य नाही.)

आज हा विषय निघाला तो माझ्या धाकट्या भावाच्या गाडीमुळे. भाऊ जाऊन तीन वर्षं झाली. त्याची गाडी २००५ सालची, टर्बो बसवलेली, दीडशे अश्वशक्तीची पेट्रोल गाडी. कंपनीचं नाव सांगत नाही, गरजही नाही. साधा सरळ माणूस, पण या एका बाबतीत शौकीन. पंधरा वर्षं पुरी झाल्यावर पुन्हा नोंदणी करून घेतली होती त्याने. आता ती भाचा चालवतो.

गेल्या हिवाळ्यात भाचा आईला घेऊन सांगलीहून माझ्याकडे येत होता. आष्ट्याजवळ उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना गाडीने ऐनवेळी दम सोडला. समोरून ट्रक. निभावलं, पण भावजय इतकी घाबरली की साताऱ्यात पोचल्यावर चहाही घेतला नाही तिने. म्हणाली, "वन्सं, ही गाडी विका म्हणावं त्याला. ते गेले, आता हा नको जायला." यावर काय बोलणार?

एका मोठ्या गॅरेजने सांगितलं, टर्बो गेला, इंजिनही उघडावं लागेल, पावणेदोन लाख. भंगारवाल्याने चाळीस हजार देऊ केले. भाचा गप्प गप्प राहायला लागला. शेवटी कुणीतरी सांगलीतल्या एका मिस्त्रींचं नाव सुचवलं. मी तेव्हा सांगलीतच होते, म्हणून सोबत गेले. मिस्त्री पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. "बाई शिक्षिका आहेत" असं भाच्याने सांगितल्यावर त्यांनी मला स्टूल दिलं आणि प्रत्येक गोष्ट फोड करून सांगितली. जे समजलं ते लिहिते. चुकलं असेल तर जाणकारांनी सुधारावं.

पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. आमच्या लहानपणच्या गाड्यांत हे प्रमाण कार्ब्युरेटर ठरवायचा, सगळं अंदाजपंचे. आता दोन सेन्सर असतात. एक हवा आत येते त्या नळीत. तिथे एक पातळ पापुद्रा विजेने तापवून ठेवलेला असतो. येणारी हवा त्याला थंड करते, आणि तो तापता ठेवायला किती वीज लागली यावरून दर सेकंदाला किती ग्रॅम हवा आत गेली ते कळतं. दुसरा असतो धुराच्या नळीत. तो जळून उरलेला ऑक्सिजन ओळखतो. झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचा असतो, आणि तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय बोलत नाही. पेट्रोल कमी पडलं तर ०.१ व्होल्ट, जास्त झालं तर ०.९. बॉशने बनवलेला हा सेन्सर १९७६ साली अमेरिकेत विकायच्या व्होल्वो गाड्यांत पहिल्यांदा आला. आपल्याकडे यायला वेळ लागला, कारण शिशाच्या पेट्रोलने तो मरतो. शिसेविरहित पेट्रोल चार महानगरांत १९९५ साली आलं, आणि देशभर २००० साली.

पहिला सेन्सर आधी सांगतो, दुसरा नंतर पडताळतो. दुसरा म्हणाला "पेट्रोल कमी पडलं", की संगणक पुढच्या खेपेला थोडं वाढवतो. या वाढीची टक्केवारी नोंदलेली असते, तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. आमच्या गाडीचा कोड होता पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. मिस्त्री म्हणाले, "बाई, कोड म्हणजे तक्रार. तक्रार कुणी केली ते त्यात असतं, गुन्हा कुणी केला ते नसतं."

म्हणून त्यांनी आधी तक्रार करणाऱ्यालाच तपासलं. हवेच्या नळीत थोडा गॅस सोडला. ऑक्सिजन सेन्सरने लगेच ०.८ च्या वर उडी मारायला हवी होती. तो चढला, पण रमतगमत. इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरलं की निरोगी सेन्सर दहा सेकंदांत निदान आठ वेळा तरी खाली-वर होतो. हा तीनदा झाला. वर्गात असा एक मुलगा असतो, उत्तर बरोबर देतो, पण तोवर आपण पुढच्या प्रश्नावर गेलेलो असतो. एक लाख साठ हजार किलोमीटर झालेला सेन्सर, थकला होता. तरी तो खोटं बोलत नव्हता. पेट्रोल खरंच कमी पडत होतं.

मग ट्रिम बघितली. गाडी जागेवर उभी असताना ९ टक्के, अडीच हजार फेऱ्यांवर १४, जोर लावला की २४. मी विचारलं, "उभ्या गाडीतसुद्धा ९ का?" मिस्त्री हसले. "ते आपल्या उसाचं." झालंय असं की २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे १४.७ चा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. जुन्या गाडीचा संगणक शुद्ध पेट्रोलवर शिकलेला, त्याला सात-आठ टक्के जास्त पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे कृष्णाकाठच्या ज्या उसाच्या ट्रॉलीने आम्हाला आष्ट्याजवळ अडवलं, तोच ऊस टाकीतही होता! तेवढे टक्के बाजूला ठेवायचे आणि उरलेल्याचा जाब विचारायचा.

कुठून चोरून हवा शिरत असेल तर उभ्या गाडीत टक्केवारी जास्त दिसते आणि जोर लावल्यावर कमी होते. इथे नेमकं उलटं होतं. तरीही त्यांनी नळ्यांत धूर सोडून बघितला, कुठूनही बाहेर आला नाही. पेट्रोल पंप कमजोर असला तरी असंच दिसतं, म्हणून दाबाचा काटा लावला. दाब ठीक होता.

राहिला टर्बो. पहाटे तासगाव रस्त्यावर रिकामा पट्टा बघून भाच्याने तिसऱ्या गिअरमध्ये गाडी पूर्ण दाबली. मी मागच्या सीटवर, राम राम म्हणत. एवढ्या ताकदीच्या इंजिनाने सेकंदाला साधारण १२० ग्रॅम हवा ओढायला हवी. सेन्सर म्हणाला ८२. याच आकड्यावरून त्या मोठ्या गॅरेजने टर्बो गेला असं ठरवलं होतं. पण मिस्त्रींनी टर्बोचा दाब वेगळ्या काट्यावर मोजला, तो पूर्ण भरत होता. हवा पुरी दाबली जातेय आणि सेन्सर म्हणतोय कमी आहे. मग खोटं कोण बोलतंय? त्यांनी हवेच्या सेन्सरची पिन काढून टाकली. तो नसला की संगणक ठरीव अंदाजाने पेट्रोल देतो. गाडी तशी जास्त चांगली पळाली!

यातली खरी भीतीची गोष्ट पुढे आहे. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर चूक सावरून घेतो. पण पाय पूर्ण दाबला की संगणक त्याचं ऐकणं थांबवतो आणि मुख्यतः हवेच्या सेन्सरवर विसंबतो. म्हणजे ओव्हरटेक करताना, जेव्हा जीव टांगणीला असतो तेव्हाच, पेट्रोल सर्वांत कमी. आणि टर्बोच्या इंजिनात जोरावर पेट्रोल कमी पडलं की आतली उष्णता वाढते. तशीच पळवत राहिलो असतो तर पावणेदोन लाखांचं निदानही कालांतराने खरं ठरलं असतं.

सेन्सर बाहेर काढला तर पापुद्र्यावर तेलकट थर. मिस्त्रींनी एअर फिल्टर उघडला. भावाने हौसेने बसवलेला कापडी फिल्टर, धुऊन तेल लावून पुन्हा वापरायचा. त्यांनी बोटाने तेल पुसून बघितलं आणि भाच्याला विचारलं, "तेल कुणी लावलं?"

भाचा म्हणाला, "मीच. बाबा दरवर्षी लावायचे. ते गेल्यापासून दर वर्षश्राद्धाला मी लावतो. चांगलं भरपूर."

मिस्त्री क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मनापासून लावलंय. फक्त थोडं कमी लावायचं."

सेन्सर खास स्प्रेने धुतला. ८२ चे ९६ झाले, पुढे सरकेना. शेवटी दोन्ही सेन्सर नवे आणि साधा कागदी फिल्टर, सगळं मिळून सतरा हजारांच्या आत. पुन्हा तोच पट्टा, आकडा ११८. ट्रिम उभ्या गाडीत ७, जोरात ८. उसाचा वाटा तेवढा राहिला.

भावजयीला हे आकडे दाखवून उपयोग नव्हता. महिन्याने दोघं साताऱ्याला आली, तेव्हा मीच तिला पुढे बसवलं आणि भाच्याला म्हटलं, यवतेश्वरचा घाट चढ. पहिल्या वळणापर्यंत तिने दाराचं हँडल घट्ट धरलं होतं. पुढे एक भरलेला टेम्पो रडत चढत होता. सरळ रस्ता आला, समोर कुणी नाही असं बघून भाच्याने पाय दाबला, आणि आम्ही टेम्पोच्या पुढे कधी गेलो ते कळलंही नाही. ती काही बोलली नाही. यवतेश्वरला भाचा गाडी वळवायला लागला, तेव्हा म्हणाली, "वळवतोस कशाला? एवढं आलोच आहोत तर कास बघून येऊ. यांनी मला नेतो नेतो म्हणून कधी नेलंच नाही."

फुलांचा हंगाम नव्हता. तरी गेलो.