आजीच्या हातावर काय होतं

दौंड

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, आजीच्या डाव्या हातावर नक्की काय होतं गं? मला तेच काढून घ्यायचंय." मी पटकन म्हणाले, "तुळस." मग फोन ठेवला आणि डोळे मिटून आईचा हात आठवायला बसले. तुळस होती, वृंदावनासकट होती. पण वृंदावनाला पायऱ्या तीन की चार? आणि त्याच्या खाली, मनगटाच्या बाजूला जे होतं, तो विंचू की सीतामाईची चूल? ज्या हातानं मला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेच्या दारापर्यंत ओढत नेलं, तो हात मला पाठ नाही. दोन दिवस दुसरं काही सुचलेलं नाही, म्हणून हे पत्र.

फोटोत बघू म्हटलं, तर आईचा तरुणपणीचा एकच फोटो. लग्नानंतर पुण्याला स्टुडिओत जाऊन काढलेला. तो तुझ्याच घरी, बैठकीच्या भिंतीवर आहे. जवळ जाऊन बघ. कपाळ आणि हनुवटी कोरी दिसेल. फोटोवाल्यानं ब्रश फिरवून भुवयांमधली चंद्रकोर आणि हनुवटीवरचे तीन ठिपके घालवून टाकले होते. चेहरा साफ करून दिलाय, असं तो अण्णांना, तुझ्या आजोबांना, म्हणाला. हात पदराखाली आहेत. पुढं मोबाइल आले तेव्हा आई इतकी सुरकुतली होती की तुळस नुसता हिरवट डाग दिसते. आणि गेल्या आषाढात, पालखी वरवंडचा मुक्काम आटोपून उंडवडीकडं गेली त्याच आठवड्यात, आपण तिला भीमेकाठी अग्नी दिला. अंघोळ घालताना तो हात माझ्या हातात होता गं. नीट बघून घ्यावा, कागदावर उतरवून घ्यावा, एवढं भान राहिलं नाही.

म्हणून ते गोंदण तिच्या हातावर आलं कसं, तेवढं तरी लिहून ठेवते. ते मी आईच्या तोंडून अनेकदा ऐकलंय.

आईचं माहेर शिरूर तालुक्यातलं, घोडकाठचं. स्वातंत्र्यानंतरचं दुसरं-तिसरं वर्ष असेल, आई आठ वर्षांची. सुगी उरकली की नदीच्या कडेला पालं पडायची आणि त्यातली एक बाई गोंदायला गावात फिरायची. त्या दिवशी आमच्या आजीनं त्या बाईला ओट्यावर बसवलं. बाईनं एरंडेलाच्या दिव्यावर खापरी पालथी धरून काजळी धरली. घरात आईची थोरली वहिनी ओली बाळंतीण होती, तिच्या दुधात ती काजळी खलली. तीन सुया दोऱ्यानं एकत्र आवळल्या. काडीनं हातावर आधी नक्षी उमटवली आणि मग टोचायला सुरुवात झाली. आजीनं पाय धरले, चुलतीनं खांदे. गोंदणारीण मोठ्यानं गात होती. पोरीचं ध्यान सुईवरून उडावं आणि तिचं रडणं शेजारी जाऊ नये, या दोन्ही कामांना ते गाणं लागे. वरून हळद आणि खोबरेल. तीन दिवस ताप, हात कोपरापर्यंत सुजलेला. खपली निघाली तेव्हा खाली हिरवी तुळस.

हे मी गोड करून सांगणार नाही. आईला कुणी विचारलं नव्हतं. तू पुण्यात नक्षी निवडशील, वेळ ठरवशील, नको वाटलं तर उठून येशील. तिला धरून बसवलं होतं. म्हातारपणीसुद्धा ती गोष्ट सांगताना आई नकळत हात मागं ओढून घ्यायची. आणि तरी त्या हाताचा तिला अभिमान होता. या दोन गोष्टी तिच्यात एकत्र नांदायच्या, मी त्यातली कुठलीही वगळणार नाही.

न गोंदलेली पोरगी सासरी नांदायला गेली तर तिच्या हातचं पाणी कुणी घेत नाही, अशी तेव्हाची समजूत. दृष्ट लागत नाही, ही दुसरी. पण आई जे सांगायची ते मला या सगळ्याहून मोठं वाटतं. "डाग हितंच उतरवून घेत्यात," ती म्हणायची, "ह्ये कुणी उतरवू शकत न्हाई." आपल्याकडं दागिन्याला डाग म्हणतात, हे तुला ठाऊक असेल. मेल्या माणसाच्या अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण जिवासोबत जातं. जिवंतपणीही तिनं हे भोगलं. ७२ च्या दुष्काळात आपल्या घरातला गुंज-गुंज डाग सावकाराकडं गेला, डोरल्याचे काळे मणी तेवढे राहिले. आई खडी फोडायला जायची. मी तेव्हा सात वर्षांची, दुपारी सुकडी घ्यायला तिच्यामागं उभी असायची. डोळ्यांपुढं येतो तो तोच हात, हातोडा धरलेला, घामानं धूळ वाहून गेली की मधूनच हिरवागार दिसणारा. तो गहाण पडण्यातला नव्हता.

आता त्या गोंदणारणीबद्दल. चिऊ, मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय, कारण आपण तिला साफ विसरलो.

तिला ओट्याच्या आत पाऊल टाकू देत नसत. पाणी वरून ओंजळीत. मोबदला म्हणून पायलीभर बाजरी आणि एक विटलेलं लुगडं. पण त्या तासाभरात त्या घरची लेक तिच्या मांडीशी, लेकीचं मनगट तिच्या मुठीत आणि उमटलेलं रक्त ती आपल्याच पदरानं टिपत होती. घरच्या सुनेचं दूध तिच्या खापरीत. त्या तासात विटाळ कुठं गेला होता, असं मी एकदा आईला विचारलं. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिच्या आंगावर माज्यापरीस दुप्पट गोंदान हुतं." तिचं नाव आईला ठाऊक नव्हतं. आपल्या घरातल्या एका बाईच्या कातडीवर जन्मभर टिकेल असं काम करून ती गेली आणि तिचं नाव आपल्याकडं नाही.

सरकारकडं मात्र तिच्यासारख्यांची नोंद असायची. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो देशभर लागू झाला. कितीतरी भटक्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्या. नाव रजिस्टरात, पोलीस पाटलाकडं हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. ती बाई कुठल्या जमातीची हे आई कधी बोलली नाही, पण आईचा हात गोंदला गेला तेव्हा हा कायदा देशात होता. त्याही आधी, १७९७ पासून, बंगालमध्ये आणि पुढं मद्रासेकडं जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदवायची शिक्षा होती. ती १८४९ साली बंद झाली. शिक्षेचं नावही 'गोदना'च. आमच्या बायका जी खूण लेण्यासारखी मिरवत होत्या, तीच सुई, तीच काजळी सरकारनं माणसाला कायमचं बदनाम करायला वापरली. हे वाचल्यापासून कुणी आईच्या कपाळाकडं रोखून बघितलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि बघायचे लोक. पुण्यात दवाखान्यात, बँकेत. आई पदर ओढून हनुवटी झाकून घ्यायची. मी कॉलेजात होते तेव्हा माझ्या मैत्रिणी येणार म्हटलं की ती स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे. मी तिला "ये" म्हणाले नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

तू 'टॅटू' म्हणतेस तो शब्द पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या 'तताउ'वरून आलाय. १७६९ साली कॅप्टन कुकचं जहाज ताहितीला लागलं, तिथून तो इंग्रजीत शिरला. गोष्ट मात्र त्याहून फार जुनी. १९९१ मध्ये ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर बर्फात एका माणसाचं प्रेत सापडलं, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचं. त्याच्या अंगावर गोंदलेल्या ६१ खुणा मोजल्या आहेत, काजळीच्या. बऱ्याचशा कंबरेवर, गुडघ्याशी, घोट्याशी, म्हणजे हाडं दुखतात तिथं. माझ्या आजोबांच्या गुडघ्यावर वातासाठी गोंदलेले सहा ठिपके होते, तेच मला पहिल्यांदा आठवले.

बर्फानं कातडी राखली, म्हणून हे कळलं. आपल्या मातीत ते होत नाही. आईच्या माहेराहून चालत जावं इतक्या अंतरावर इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ एवढी वर्षं उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती, घोडनदीच्याच काठी. लेकरू गेलं तर दोन रांजणांची तोंडं जुळवून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठ्या माणसाला पुरताना पावलं तोडत, सोबत मडकी ठेवत. मेल्यावर माणसाबरोबर काय जावं, याचा घोर इथल्या लोकांना तेव्हापासून लागलेला. हाडं मिळाली, मडकी मिळाली, मातीच्या डबीत ठेवलेली बिनडोक्याची देवी मिळाली. त्या बायकांच्या हातावर काही गोंदलेलं होतं का, हे घोडकाठची माती सांगत नाही, आणि पुढं आपण माणसं जाळायला लागलो. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी जे अंगावर वागवलं ते प्रत्येकीबरोबर राख होत गेलं. भांडी, नाणी, ताम्रपट संग्रहालयात आहेत. या लेण्याचा एकही जुना नमुना नाही.

शांता शेळक्यांच्या एका कवितासंग्रहाचं नाव 'गोंदण' आहे. त्या जन्मल्या इंदापूरला, आपल्या शेजारच्याच तालुक्यात. पुस्तक हाती आलं तेव्हा मी ते नाव आईला वाचून दाखवलं होतं. "गोंदनावर पुस्तक?" असं म्हणून तिनं ते उलटंसुलटं करून बघितलं होतं.

उजव्या हातावरचं नाव मात्र तुला नीट आठवत असेल, कारण ते वाचता यायचं. ते मशिनचं. एडिसननं १८७६ मध्ये कागदाला भोकं पाडून नकला काढायच्या विजेच्या लेखणीचं पेटंट घेतलं होतं. तिच्यावरूनच न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीनं १८९१ साली गोंदायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते यंत्र फिरत फिरत बॅटरीवर आपल्या जत्रांत आलं. कुरकुंभच्या फिरंगाईच्या जत्रेत अण्णांनी दंडावर मारुती काढून घेतला आणि आईनं अण्णांचं नाव. उखाण्याशिवाय जे नाव तिनं कधी तोंडातून काढलं नाही, ते हातावर उघडं लिहून घेतलं. गोंदणाऱ्याची पहिलीच वेलांटी चुकली. आईला वाचता येत नव्हतं, आणि अण्णांनी ती चूक तिला शेवटपर्यंत कळू दिली नाही. अण्णा गेल्यावर ती संध्याकाळी दारात बसून त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहायची.

काजळी काळी, मग ती हिरवी-निळी का दिसते, असं तू लहानपणी विचारायचीस. वरच्या कातडीतून उजेड जाऊन परततो तेव्हा खालचा काळा कण निळसर भासतो. आणि ती टिकते त्याचं कारण मला हल्लीच कळलं. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्से शहरातल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की रंगाचे कण कातडीतल्या भक्षक पेशी गिळून धरतात. ती पेशी मेली की रंग सांडतो आणि तिच्या जागी आलेली दुसरी पेशी तो उचलते. आईच्या हातात सत्तर वर्षं हे चाललं होतं.

मला का नाही गोंदवलं, हेही तू विचारलं होतंस. अण्णा शाळामास्तर, ते नको म्हणाले. आईनंही हट्ट धरला नाही. तिला तो ओटा, ते धरलेले पाय आठवत असणार. पण शेवटच्या महिन्यात एका रात्री तिनं माझा कोरा हात उशाशी ओढून घेतला आणि म्हणाली, "वर आल्यावर तुला वळखू कशी गं?" मी काय बोलणार होते?

तू काढून घे. माझी ना नाही. सुई नवी, तुझ्यासमोर पाकिटातून काढलेली असू दे. कावीळ आणि एचआयव्ही एकाच सुईनं पसरतात, जत्रेतल्या मशिनचं म्हणून भय वाटतं. त्यानंतर वर्षभर तुला रक्तदान करता येणार नाही. आणि मनगटाजवळ काही काढायच्या आधी थांब, कारण एक गोष्ट अजून बाकी आहे.

आईची एक गडणी होती, शेजारच्या घरातली. त्या दिवशी आईनंतर लगेच तिला बसवलं होतं. तीच बाई, त्याच सुया, तेच दूध, आणि दोघींच्या डाव्या हातावर एकसारखंच काढायचं असा दोघींच्या आयांचा आग्रह. ती त्याच गावात दिली, म्हणून तिथंच राहिली. काल मी मामाच्या घरी फोन केला. म्हातारी आहे. ऐकायला कमी येतं, पण हात दाखवते म्हणाली. मी विचारलं, "खाली विंचू आहे का चूल?" तिला ऐकू गेलं नाही.

रविवारी सकाळी तू सोलापूर रस्त्याची एसटी धर आणि चौफुल्याला उतर. मी दौंडहून येते. पारगावला भीमा ओलांडून न्हावऱ्यामार्गे दुपारच्या आत पोचू. येताना बटर पेपर आण, चार-पाच कागद आण, कातडी सैल झालीय, एका झटक्यात जमणार नाही. मऊ पेन्सिल मी घेते. म्हातारीला खण आणि पायलीभर बाजरीही घेतलीय.

तुझी,
आत्या