कल्ले नसलेला मासा

मिरकरवाड्यात वाढलेल्या माणसाला मासा ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही, अशी माझी समजूत होती. आई अंगठ्याने बांगड्याचा कल्ला उचलून बघायची. लाल असला तर टोपलीत, नाहीतर पुढची कोळीण. २००७ साली तोक्योतल्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत मी मासळीच्या खरेदीला लागलो आणि ती विद्या तिथेच संपली. कारखान्यात येणाऱ्या माशाला कल्लेच नसायचे. डोकं नाही, पोट नाही, काटा नाही. हवा काढलेल्या पिशवीत एक गुलाबी बाजू, वर वजन आणि तारीख. तिच्या कच्च्या फोडी सुशीच्या दुकानांना जात, बाकीची तेरियाकी होऊन रुग्णालयांच्या स्वयंपाकघरांत.

हा मासा म्हणजे बुरी. आपल्या समुद्रात तो नाही. वाढेल तसं त्याचं नाव बदलतं. तोक्योकडे वाकाशी, इनादा, वारासा आणि शेवटी बुरी. ओसाकाकडे त्सुबासु, हामाची, मेजिरो, बुरी. बाजारात हामाची म्हटलं की मात्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पाळलेलाच मासा येतो. हे पालन १९२८ साली कागावा प्रांतातल्या हिकेता गावी, आदो नावाच्या खाऱ्या तळ्यात नोआमी वासाबुरो यांनी सुरू केलं. वसंतात कुरोशिओ प्रवाहावर तरंगणाऱ्या शेवाळाखाली बुरीची पिल्लं आसऱ्याला जमतात. त्यांना मोजाको म्हणतात. ती धरून पिंजऱ्यात वाढवायची आणि चार-पाच किलोंची झाली की विकायची. आज पाळलेला बुरी सर्वाधिक निघतो तो कागोशिमा प्रांतात. तिथल्या नागाशिमा बेटावर मला ओयास्सान भेटले. ओयास्सान हे नाव नाही, हाक आहे; आपण वाडीतल्या कर्त्या म्हाताऱ्याला आबा म्हणतो तशी.

एप्रिल महिना होता. कुरोनोसेतोचा पूल ओलांडून मी गेलो आणि बसल्या बसल्या भाव विचारला. कंपनीला माल तातडीने हवा होता आणि मला पहिला मोठा सौदा करून दाखवायचा होता. ओयास्साननी चहा ओतला आणि म्हणाले, "आत्ता माझ्याकडून घेऊ नकोस."

मला वाटलं, भाव वाढवून मागताहेत.

"विणीचा हंगाम आहे. यांची चरबी उतरलीय, मांसात पाणी आहे. तराजूत वजन भरेल, पण तव्यावर आक्रसेल. शरदात ये."

पदरचं भाडं घालून आलेल्या गिऱ्हाईकाला त्यांनी असं परत पाठवलं. त्या वर्षी त्यांना पैशांची गरज नव्हती असं मुळीच नाही. खाद्याची उधारी होती, हे मला पुढे त्यांच्या बायकोकडून कळलं.

ऑक्टोबरात गेलो तेव्हा त्यांनी मला पहाटे होडीवर नेलं. काढणीआधी दोन-तीन दिवस खाद्य बंद ठेवलेलं. पोट रिकामं नसेल तर मांस लवकर बिघडतं. मासा जाळीतून वर आला की तडफडायच्या आत डोक्यात घाव, कल्ल्याशी काप, रक्त वाहून गेलं की लगेच बर्फाच्या खाऱ्या पाण्यात. याला इकेजिमे म्हणतात. मग त्यांनी एका माशाची बाजू कापून मधला गडद लाल पट्टा दाखवला, चिआई. कापल्यावर दोन-तीन दिवसांत तो तपकिरी पडतो आणि दुकानदार माल परत करतो. म्हणून ओइता प्रांतात खाद्यात काबोसू नावाचं लिंबू घालतात. पट्टा जास्त दिवस लाल राहतो. "पण आधी मारायला शीक," ओयास्सान म्हणाले. "घाईत मारलेला मासा लिंबाने सुधरत नाही."

आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती अशी: पिशवीतल्या माशाला कल्ले नसतात, म्हणून तो वाढवणाऱ्या माणसाचा चेहरा बघावा.

२००९ आणि २०१० च्या उन्हाळ्यांत यात्सुशिरो समुद्रात आकाशिओ आलं, तांबडं पाणी. सूक्ष्म शैवाल माजतं, माशांचे कल्ले निकामी होतात आणि मासा पाण्यातच गुदमरतो. लोकांनी खाद्य थांबवलं, पिंजरे खोल सोडले, काही ओढून दुसरीकडे नेले. दुसऱ्या उन्हाळ्यात ओयास्सानचे बहुतेक पिंजरे मेले. दोन वर्षं खाऊ घातलेली जनावरं त्यांनी जाळ्यांनी उपसून काढली.

त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. स्वतःच्या नुकसानाबद्दल एक वाक्य बोलले. मग म्हणाले, "ऑक्टोबरचा तुझा माल मी देऊ शकणार नाही. उवाजिमाला माझ्या ओळखीचा माणूस आहे. खाद्यही माझ्यासारखंच घालतो. त्याच्याशी बोलून ठेवलंय, तू फक्त फोन कर."

मी फोन केला. ऑक्टोबरात एकाही रुग्णालयाचा पुरवठा चुकला नाही. पुढल्या वर्षी कंपनीने वार्षिक करारच उवाजिमाशी केला, आणि त्या कागदावर सही माझी होती. बैठकीत मी नागाशिमाचं नाव काढायला हवं होतं. काढलं नाही. नोकरी नवी नव्हती, भीती मात्र होती. हे मी ओयास्सानना सांगायला गेलो तेव्हा त्यांनी पुन्हा चहाच ओतला.

आता माझा स्वतःचा छोटा व्यवसाय आहे. त्यातला पहिला बुरी मी नागाशिमाहून घेतला, त्यांच्या मुलाकडून. माझ्या खरेदीच्या तक्त्यात पहिला रकाना भावाचा नाही. खाद्य कोणत्या तारखेला बंद केलं, त्याचा आहे.