भोपाळचे दाबयंत्र

(बी. एस्सी., द्वितीय वर्ष)

वार्षिकांकात लिहायचे म्हटले की विषयांना तोटा नसतो. सहल असते, पहिला पाऊस असतो, वसतिगृहातली आमटी असते. आणि काहीच सुचले नाही तर ‘काही सुचत नाही’ यावरही दोन पाने भरता येतात. शेजारच्या कन्नड विभागातही फारसे वेगळे चित्र नसावे. परंतु चामड्यावर कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक तुम्हीआम्ही सगळेच दिवसातले निदान आठ तास चामड्यावर, नाहीतर त्याच्या नकलेवर उभे असतो. ज्याच्यावर उभे राहायचे त्याच्याबद्दल बोलायचे नाही, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे.

माझे आजोळ अथणीचे. ‘कोल्हापुरी’ म्हणून जी चप्पल मिरवते, तिच्यातल्या पुष्कळ जोड्या अथणी-निपाणीकडच्या हातांनी घडलेल्या असतात. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. सीमाप्रश्नात जे भल्याभल्यांना साधले नाही, ते चपलेने साधले म्हणायचे! पुढे २०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरातल्या एका प्रदर्शनात प्राडा कंपनीने तशाच धाटणीची पादत्राणे मांडली, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठा गहजब झाला आणि ज्यांनी कधी चांभाराच्या दुकानाची पायरी चढली नव्हती त्यांनाही आपल्या वारशाची आठवण झाली. असो.

आजोबा घरात मराठीत ‘कातडं’ म्हणत, बाजारात कन्नडमध्ये ‘तोगलु’ म्हणत. त्यांच्या थोरल्या मुलाने, म्हणजे माझ्या मामांनी, दोन्ही शब्द टाकून दिले. शाळेत त्यांना बसायला जागा शेवटच्या रांगेत आणि हाक मारायला नाव जातीचे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. बेळगावात आय. टी. आय. केली, फिटर झाले, आणि १९८१ साली भोपाळच्या ‘भेल’ कारखान्यात नोकरीला लागले. (ही भेल खायची नव्हे, हे मलाही लहानपणी समजावून सांगावे लागले होते.) हा कारखाना १९५६ साली ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ या नावाने सुरू झाला. त्याच वर्षी भोपाळ मध्यप्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरकडची कितीतरी मराठी कुटुंबे सरकारी दप्तरांबरोबर तिकडे गेली. मामा त्यांच्यात मिसळले, गणेशोत्सवात वर्गणी गोळा करू लागले. घराणे विचारले तर ‘बेळगावकडचे’ एवढेच सांगत. अडतीस वर्षे नोकरी करून २०१९ साली ते निवृत्त झाले, तोवर त्यांच्या घरी रापी की आर, एकही हत्यार कोणी पाहिले नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात मी गोवा एक्स्प्रेसने भोपाळला गेलो तेव्हा पिपलानीजवळच्या त्यांच्या घराच्या मागच्या पडवीत लोखंडी चॅनेलचे तुकडे, एक जुना बाटली-जॅक आणि सागवानाचे ठोकळे पडलेले पाहिले. मी विचारले, “मामा, हे काय?”

ते म्हणाले, “तू फिजिक्सवाला आहेस ना? मग बरा आलास. हिशेब कर.”

त्यामागची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. जुन्या शहरात चौकाच्या बाजूला एक वृद्ध मुसलमान कारागीर बसतात. जुत्या आणि चामड्याच्या लहानसहान वस्तू करतात; सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. निवृत्तीनंतर मामा तिथे चपलेचा अंगठा शिवून घ्यायला गेले. वाट पाहता पाहता पुढ्यातला चामड्याचा तुकडा त्यांनी सहज उचलला, कड अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून किंचित दुमडली आणि कानाजवळ नेली. उस्तादांनी मान वर केली. “को खां,” ते म्हणाले, “यह हाथ तो घर का है.” अडतीस वर्षे कोणालाही न कळलेली गोष्ट एका म्हाताऱ्याला एका हालचालीवरून कळली. मामा त्या दिवशी चप्पल तिथेच विसरून अनवाणी घरी आले, असे मामी सांगतात. मामा म्हणतात, ही मामींनी घातलेली भर आहे.

उस्तादांची अडचण अशी होती. एका चष्मेवाल्याने त्यांच्याकडे चामड्याच्या चष्म्याच्या चाळीस घरांची मागणी नोंदवली होती. असे घर शिवून होत नाही, ते आधी घडवावे लागते. कमावलेले चामडे भिजवायचे, लाकडी साच्यावर ताणायचे, आणि अंगठ्याने व हाडाच्या पट्टीने दाबत दाबत त्याला साच्याचा आकार घ्यायला लावायचे. एका घराला पाऊण तास लागतो आणि सगळा भार अंगठ्यावर येतो. उस्तादांचा उजवा अंगठा संधिवाताने वळेनासा झाला होता. शिवण जमत होती, दाब जमत नव्हता. तेव्हा अंगठ्याचे काम करील असे यंत्र पाहिजे होते, आणि यंत्रे जोडण्यात मामांचा जन्म गेला होता.

प्रथम चामड्याविषयी दोन शब्द सांगतो, कारण रसायनशास्त्राच्या तासाला हे कोणी सांगत नाही. कातडे म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे. बाभळीची साल, हिरडा, तरवड यांच्यातले टॅनिन त्या तंतूंना धरून ठेवते, ते कुजू देत नाही. असे साल-हिरड्याने कमावलेले चामडे भिजले की तंतू एकमेकांवरून सरकतात आणि वाळले की ज्या जागी असतील त्या जागी पकडून बसतात. म्हणून ते साच्याचा आकार घेते आणि जपते. क्रोमियमच्या क्षाराने कमावलेले चामडे मऊ आणि लवचीक असते, पण दाबून सोडले की पुन्हा पहिल्यासारखे होऊ पाहते. बाजारात आज बहुतेक तेच मिळते. सालीचे चामडे मिळवण्यासाठी उस्तादांना दोन आठवडे वाट पाहावी लागली.

आता यंत्र. भोपाळात कबाडखाना नावाची वस्तीच आहे, आणि ती नावाला जागते. तिथून मामांनी तीन टनी बाटली-जॅक उचलला होता. त्यांनी तो खोलला तेव्हा मी कॅलिपरने मापे घेतली. लहान दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर, मोठ्याचा ३. म्हणजे क्षेत्रफळ नऊ पट. दांड्याची तरफ बारा पट. पास्कलचा नियम आपण परीक्षेत लिहितो तो हाच. हाताने दहा किलोचा जोर लावला की वर, घर्षण सोडून दिले तर, १०८० किलो, म्हणजे टनाहून थोडा अधिक. आमचा साचा पंधरा सेंटिमीटर लांब आणि आठ रुंद. तेव्हा चौरस सेंटिमीटरला नऊ किलो. एवढा दाब अंगठा क्षणभर देऊ शकेल, पण सगळ्या पृष्ठावर एकदम आणि सारखा देणे कोणत्याच हाताला शक्य नाही.

बाटली-जॅक उलटा टांगून चालत नाही, तेल खाली येऊन पंपात हवा शिरते. म्हणून तो तळाच्या चॅनेलवर उभा केला. त्याच्या डोक्यावर वर-खाली सरकणारी पोलादी पाटी, आणि तिच्यावर पक्का बसवलेला वरचा चॅनेल. चारही कोपऱ्यांना १६ मिलिमीटरच्या आटे पाडलेल्या सळया. मामांनी विचारले, “सळया तुटतील का?” मी हिशेब केला. एकेका सळीवर २७० किलो. आट्याच्या मुळाशी धातू सुमारे दीडशे चौरस मिलिमीटर. म्हणजे चौरस मिलिमीटरला दोन किलोसुद्धा नाही, आणि साधे पोलाद पंचवीसच्या आसपास वाकू लागते. मामा हसले. त्यांनी कागदाशिवाय तेवढीच सळी निवडली होती. पाटी खाली ओढायला जुन्या स्कूटरच्या स्टँडच्या दोन स्प्रिंगा लावल्या. सगळा खर्च दोन हजार रुपयांच्या आत.

साचे करायला मात्र यंत्रापेक्षा जास्त दिवस लागले. आतला ठोकळा सागवानाचा, बाहेरची चौकट प्लायवूडची. चामडे अडीच मिलिमीटर जाड, तेव्हा चौकटीचे भोक ठोकळ्यापेक्षा प्रत्येक बाजूला तेवढेच मोठे हवे. कमी ठेवले तर चामडे फाटते, जास्त ठेवले तर सुरकुत्या राहतात. कडा गोल करून, घासून, मेण लावून गुळगुळीत केल्या. असे चार साचे केले आणि प्रत्येकाला आवळायचे बोल्ट लावले. म्हणजे एकदा दाब दिला की साचा आवळून बाजूला ठेवायचा आणि यंत्र दुसऱ्यासाठी मोकळे.

पहिला तुकडा दाबून काढला तर आकार उत्तम, पण एका कोपऱ्यावर निळा-काळा डाग. पोलादी पाटीवरून ओघळलेल्या पाण्याची ही करामत. उस्तादांनी लिंबाची फोड घासली आणि डाग फिका झाला. मामा बराच वेळ त्या फोडीकडे पाहत होते. मग म्हणाले, “आप्पा एका मडक्यात गुळाचं पाणी घालून त्यात लोखंडाचे तुकडे टाकून ठेवायचे. चामड्याला काळा रंग द्यायला. वास यायचा म्हणून मी त्या खोलीत जायचो नाही.” लोह आणि टॅनिन एकत्र आले की काळे होते. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत, तीही याच रसायनाने. म्हणजे ज्या गोष्टीने पोथ्या लिहिल्या, तिनेच चप्पल काळी केली. पहिलीला आपण हात जोडतो, दुसरीचे मडके खोलीबाहेर ठेवायला सांगतो. आम्ही पाटीवर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवला.

यंत्र चालले, तरी एक प्रश्न उरला, आणि तो माझ्या वहीत बसत नव्हता. चामडे दाबायचे केव्हा? पाणी कोमट हवे. साधारण सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या पुढे असले ओले चामडे आक्रसून जाते, एवढे मी सांगू शकत होतो. भिजवून रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळायचे, हे मामांना आठवत होते. पण सकाळी उघडल्यावर नेमका क्षण कोणता? फार ओले असले तर आकार धरत नाही, फार सुकले तर चिरते. भोपाळातल्या मे महिन्यात तर हवा पाणी पिऊन टाकते. उस्ताद तुकडा उचलून गालाला लावीत. रंग मूळचा दिसू लागलेला असावा पण गालाला गार लागावे, तो क्षण. मामा दुसऱ्या दिवशी तसेच करू लागले. पाचव्या दिवशी मीही करू लागलो. उस्ताद म्हणाले, “मशीन दबाती है, भैया. पहचानती नहीं.” यात यंत्राची निंदा नव्हती. आपल्या वाट्याला काय राहिले, याची ती मोजदाद होती.

याच आठवड्यात आईचा फोन आला. मी उत्साहाने सगळे सांगितले. पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, “तुझ्या आजोबांनी उपाशी राहून दादाला त्या कातड्यातनं बाहेर काढलं. तुला कॉलेजात घातलं ते परत तिथंच जायला व्हय रे?”

मी तिला उत्तर दिले नाही, आणि आजही माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. हस्तकलेचे गोडवे गाणे सोपे असते. विशेषतः ज्यांना ते काम सोडण्याची किंवा धरण्याची सक्ती कधीच नव्हती त्यांना. आजोबांपुढे निवड नव्हती. हरळय्यांनी बसवण्णांसाठी आपल्या मांडीच्या कातडीच्या पादुका केल्या ही कथा कन्नड विभागातले वाचक जाणतातच. त्याच हरळय्यांच्या मुलाचा विवाह मधुवरसांच्या मुलीशी झाला तेव्हा कल्याण नगरीने काय केले, तेही जाणतात. पादुका डोक्यावर घेणारा समाज पादुका करणाऱ्याला पंक्तीला घेत नाही, हे आई पुस्तकातून शिकलेली नाही. तिची भीती खोटी म्हणण्याचा मला अधिकार नाही.

पण त्या पडवीत मी आणखी एक गोष्ट पाहिली, ती तिला दिसलेली नाही. मामांना लहानपणी ते काम लादलेले होते. म्हातारपणी त्यांनी ते निवडले. सळीचा व्यास ठरवणारा फिटर आणि चामडे गालाला लावणारा चांभाराचा मुलगा, ही दोन माणसे त्यांच्यात अडतीस वर्षे एकमेकांशी बोलत नव्हती. आता बोलू लागली होती. चाळीस घरे सहा दिवसांत घडली. शिवण सगळी उस्तादांची. पैसेही त्यांचेच, मामांनी लिंबे आणि मेणाचे तेवढे घेतले, तेही उस्ताद रागावले म्हणून.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मंडळातले एक जुने गृहस्थ आले. पडवीतला जॅकचा आवाज ऐकून त्यांनी विचारले, “हे काय नवीन काढलंत?” मी मामांकडे पाहिले. मला वाटले, ते ‘वेळ घालवतो झालं’ असे काहीतरी म्हणतील. मामांनी हात पुसले, ओला तुकडा पाहुण्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, “चामड्याचं काम. आमच्या घरचंच आहे.” पाहुण्यांनी तो तुकडा क्षणभर नुसता धरून ठेवला. मग पाठपोट पाहिला, आणि किंमत विचारली.

आईला मी अजून एवढेच सांगितले आहे की मामांची तब्येत चांगली आहे. हा अंक घरी नेईन तेव्हा बाकीचे ती वाचेल. आणि आपल्या प्रयोगशाळेत पास्कलचा नियम शिकवताना सरांना उदाहरण हवे असल्यास, चॅनेल आणि सळ्यांची मापे माझ्या वहीत आहेत. गालाचे माप मात्र ज्याचे त्याने घ्यावे.