औशाची जामा मशीद

मराठवाड्यातील किल्ले पाहावयास निघालेली आमच्यासारखी मंडळी १७६० च्या मराठ्यांच्या विजयाचे स्मरण करीत उदगीर गाठतात; लातूरपासून बारा मैलांवरील औसा मात्र राहून जातो. औशाचा किल्ला १६३६ त मोगलांनी घेतला व पुढे औरंगजेबाच्या कारकीर्दीत गावात जामा मशीद उभी राहिली. “मशिदीत आपले काय काम?” असे घरातील वडील मंडळी विचारतील. आमचे म्हणणे, निदान दिशा तरी पाहाव्यात. मक्का पश्चिमेस, म्हणून नमाजाची भिंत पश्चिमेस व प्रवेश बहुधा पूर्वेकडून. आपल्या बहुतेक देवळांचीही तोंडे पूर्वेसच; त्यामुळे चौकात पाऊल टाकताना फारसे परके वाटत नाही.

चीनमध्ये नेमके उलट घडते. शिआन येथील १३९२ ची मोठी मशीद कौलारू छपरांची, चौकामागून चौक असलेली; नवखा मनुष्य तिला बौद्ध मठच समजेल. परंतु तिकडील देवळे व वाडे बहुधा दक्षिणाभिमुख, ही तेवढी पूर्वाभिमुख, आणि जाणता तीवरूनच ओळखतो.

औशास जाणाऱ्यांनी शुक्रवारची दुपार टाळावी, पादत्राणे बाहेर ठेवावीत व तेथील मंडळींस विचारूनच आत जावे. सवड असल्यास नांदेडकडे जाताना कंधारचा भुईकोटही पाहावा. राष्ट्रकूटांच्या वेळची ती नगरी होय.