पितळी नळी

आमच्या टेबलाच्या खणात एक पितळी नळी नऊ वर्षे पडून होती. अंगठ्यापेक्षा जराशी जाड, चार-पाच बोटे लांब, बुडाशी दाबायचे बटण आणि वर आटे. २०२५ च्या जून महिन्यात ती आम्ही बाहेर काढली, चिंच-मीठ लावून घासली आणि पुन्हा वापरायला घेतली. घरातलीने पाहिले आणि एवढेच म्हणाली, "अहो, मांडीवरचा डाग विसरलात वाटतं?"

डाग विसरलो नव्हतो. रोज अंघोळीला दिसतो, विसरणार कसा?

आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. मूळ गाव श्रीवर्धन तालुक्यातले. अब्बा जहाजावर खलाशी होते. दहा-दहा महिन्यांनी घरी येत तेव्हा त्यांच्या कपड्यांना सिगारेटचा वास असे, आणि लहानपणी आम्हाला तोच अब्बांचा वास वाटे. फुफ्फुसाच्या कॅन्सरने ते गेले. त्यांना माती देऊन कब्रस्तानाबाहेर आलो आणि सर्वांत आधी काय केले असेल, तर सिगारेट पेटवली. शरमेची गोष्ट आहे, पण खरी आहे.

२०१३ साली कारखान्यातल्या एका सोबत्याने ही नळी हातात ठेवली. इंग्रजीत तिला मेकॅनिकल मॉड म्हणतात. आपल्याकडच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ती पाहिली नसेल, कारण भारतात २०१९ पासून ई-सिगारेट बनवणे, आणणे, विकणे, साठवणे हा सगळाच गुन्हा आहे. नळीत काय असते? तर काहीच नसते. आत एक बॅटरी बसते, वर छोट्या ताटलीवर तारेचे वेटोळे असते, त्यातून कापूस ओवलेला आणि कापसावर निकोटीनचे पातळ द्रव. बटण दाबले की तार तापते, द्रवाची वाफ होते, ती ओढायची. बाजारातल्या इतर यंत्रांत चिप असते. तार चुकीची असली, बॅटरी उतरली, कुठे शॉर्ट झाले, तर चिप वीज तोडते. नळीत तोडणारे कोणी नाही. बटणावर बोट आपले आणि अक्कलही आपलीच.

त्या नळीवर आमची सिगारेट सुटली. तीन महिन्यांत सुटली. वाफ निरुपद्रवी असते असा आमचा दावा नाही. निकोटीनची गुलामी तशीच राहिली, फक्त मालक बदलला. रमजानात दिवसभर रोजा जमतो, इफ्तार झाली की मात्र हात खिशाकडे जातो. ज्याला चौदा तास जमते त्याला पंधरावा का जमत नाही, हे घरातली दरवर्षी विचारते. उत्तर अजून सापडलेले नाही.

डाग पडला २०१६ च्या थंडीत. एक जादा बॅटरी पँटच्या खिशात सुटी टाकली होती, आणि त्याच खिशात घराच्या किल्ल्या. बसमध्ये बसलो होतो. आधी नुसते गरम वाटले, मग शिट्टीसारखा आवाज झाला आणि पँट पेटली. अशा बॅटरीचे वरचे छोटे बटण म्हणजे धन टोक, आणि बाकीचा सगळा डबा, अगदी वरच्या खांद्यापर्यंत, ऋण. दोघांच्या मध्ये फक्त एक प्लास्टिकची साल आणि कागदाची चकती. किल्लीने दोन्ही टोके जोडली, बस्स. आम्ही आयटीआयला वायरमनचा कोर्स केलेला माणूस! दुसऱ्याच्या घरात शॉर्ट शोधत फिरलो आणि स्वतःच्या खिशात करून बसलो. त्या दिवशी नळी खणात गेली.

मग चिपचे यंत्र आले. २०२१ नंतर वापरून फेकायच्या रंगीत कांड्या आल्या, आणि आमचे तोल सुटले. कांडीला काही करावे लागत नाही. तोंडाला लावली की वाफ. टीव्ही बघताना, गाडीत, रात्री उठल्यावर. दिवसाला किती ओढतो याचा हिशेबच राहिला नाही. २०२३ मध्ये पुतणीच्या लग्नाला गावी गेलो तेव्हा कायद्याच्या भीतीने कांडी इथेच ठेवली. तिसऱ्या दिवशी नाक्यावरच्या टपरीवर उभे होतो. कांडी आणली असती तर गुन्हा, सिगारेट मात्र सुटीसुद्धा मिळत होती. दहा वर्षांनी पेटवली, आणि पहिल्याच झुरक्याला अब्बांच्या कपड्यांचा वास आला.

१ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये फेकायच्या कांड्यांची विक्री बंद झाली. पुन्हा टपरीवर जायचे नसेल तर काहीतरी हवे होते. कोणी सल्ला विचारला तर आम्ही चिपचेच यंत्र घे म्हणून सांगू, त्यात दुमत नाही. पण आम्हाला पुन्हा हात आणि डोके गुंतवणारी वस्तू हवी होती. तार वळायला, कापूस ओवायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात निम्मी तलफ मरते.

या वेळी मात्र शिस्त धरली. बॅटऱ्या नव्या घेतल्या, नावाजलेल्या, सतत वीस अँपिअर देऊ शकणाऱ्या. सालीवर छापलेला मोठा आकडा पाहून भुलायचे नाही, तिथे थापा फार असतात. सालीला नखाएवढा चरा दिसला तरी ती बॅटरी बाद. सुटी बॅटरी प्लास्टिकच्या डबीत. नळीची वाफ जायची भोके मोकळी आहेत ना, बटणाचे कुलूप फिरते ना, ते पाहायचे. वरच्या ताटलीची मधली पिन आट्यांच्या पुढे आलेली हवी, कारण आमच्या नळीत ती थेट बॅटरीला टेकते. पिन आत दबली तर आट्यांची कड बॅटरीला टेकते आणि शॉर्ट होते. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये एकेक माणूस व्हेप फुटून दगावला. त्या बातम्या घरातलीने आम्हाला मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या.

आणि तार. कँथलची चोवीस गेजची तार तीन मिलिमीटरच्या सळीवर सात वेढे वळली की आमच्या मीटरवर साधारण ०.६ ओहम येते. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट. भागाकार केला की सात अँपिअर. वीसच्या बॅटरीला सात म्हणजे आरामाचे काम. स्क्रू आवळल्यावर पुन्हा मोजायचे, कारण तारेचे पाय ताटलीला चिकटले तर आकडा खाली येतो. मग कापूस न घालता बटण टिचकीसारखे दाबून तार मधून बाहेर सारखी लालसर होते का पाहायचे. त्यानंतर कापूस, आणि कापूस द्रवाने भिजल्यावरच पुढचे.

ऑक्टोबरमधल्या एका रात्री पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा. धाकटा टेबलाशी बसलेला. वीस वर्षांचा आहे, युनिव्हर्सिटीत शिकतो. तोही कांड्या ओढायचा हे आम्हाला माहीत होते आणि आम्हाला माहीत आहे हे त्याला माहीत होते. समोर आमची नळी. ताटलीवर दोन जाडजूड वेटोळी बसवलेली. बाजूला जुनी बॅटरी, आमच्या डबीतली नव्हे, खणाच्या तळाशी राहिलेली. तिची साल वरून फाटलेली होती.

आमचे पाय गार पडले. ओरडणार होतो. पण ओरडलो असतो तर तो नळी घेऊन वर खोलीत गेला असता, आणि तिथे बटण दाबायला त्याला कोण अडवणार होते?

"मोजलंस?" आम्ही विचारले.

"काय?"

"ओहम."

त्याने मोजले नव्हते. आम्ही खुर्ची ओढली, मीटर काढले. आकडा आला ०.१५.

"भाग चार पॉइंट दोनला."

त्याने मोबाइलवर भागाकार केला आणि थोडा वेळ गप्प बसला. "अठ्ठावीस, अब्बा."

"बॅटरी कितीची?"

त्याने ती उलटसुलट करून पाहिली. फाटलेल्या सालीवर आकडा उरलाच नव्हता.

आम्ही लुंगी गुडघ्यावर सरकवून मांडी दाखवली. लहानपणापासून त्याने तो डाग पाहिलेला आहे, पण त्याला आम्ही नेहमी इस्त्रीने भाजलो असेच सांगत आलो होतो. त्या रात्री बसची गोष्ट सांगितली. गावच्या टपरीचीही सांगितली. ती तर घरातलीलाही ठाऊक नव्हती.

शिकवावे की नाही, हा प्रश्न होता आणि अजून आहे. शिकवले तर सवयीला बापाची परवानगी मिळते. नाही शिकवले तर तो कोणाकडून तरी अर्धवट शिकतो. त्याने सगळे सोडून द्यावे असे आम्ही सांगितले. तो म्हणाला, "तुम्ही सोडा, मग मी सोडतो." यावर बोलायला आमच्याकडे काही नव्हते.

फाटकी बॅटरी दुसऱ्या दिवशी दुकानातल्या बॅटरीच्या पेटीत टाकली. त्या रात्री मात्र आम्ही दोन्ही वेटोळी काढून चोवीस गेजच्या तारेचे रीळ त्याच्या पुढे सरकवले. तो सळीवर वेढे मोजू लागला. पाचव्यावर थांबला, वर पाहिले.

"सात," आम्ही म्हणालो. "आणि पुन्हा मोज."