पांदण अन् जुनी जीप

आंबियाची फळगळ सुरू झाली, अन् पांदणीत गुडघाभर चिखल. फवारणीचं पाणी वावरात न्यायला आपली जुनी महिंद्रा एमएम ५४० च कामी आली. तिला फक्त खोल नक्षीचे टायर अन् समोर दोन हूक लावले. लोक म्हणतात उंच करा. मी नाही केली. उंच केली की शाफ्टचा कोन बिघडतो, क्रॉस लवकर जातात.

मागच्या साली मात्र माझीच चूक झाली. पांदणीतून निघालो, फोर व्हील काढायचं विसरलो, तसाच काटोल रोडच्या डांबरावर. या जीपमध्ये फोर व्हील लावलं की पुढचा-मागचा शाफ्ट सारखाच फिरतो. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर पडते. चिखलात ती घसरून जुळवून घेतात, डांबरावर घसरत नाही. सगळा ताण क्रॉसवर. तुटला. दोन दिवस फवारणी थांबली, झाडाखाली हिरव्या संत्र्यांचा सडा. बायको काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

यंदा डांबर दिसलं की पोरगंच ओरडते, "बाबा, लिव्हर!"