माळेगावच्या वाटेवरची पिल्लं

नांदेडहून लातूरला निघालात, की लोहा मागे पडतं आणि पुढे माळेगाव लागतं. हे खंडोबाचं गाव. मार्गशीर्षात इथं मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, लालकंधारी बैल... आणि कुत्रीसुद्धा! खंडोबाच्या चित्रात घोड्याजवळ कुत्रा असतोच. मग त्याला इथं मान नको?

पण ही कुत्री गल्लीतल्या मोत्यासारखी नसतात. लांब पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड. ही कारवानी. ज्यांच्या कानांवर नि शेपटीवर रेशमी केस असतात, ती पश्मी. लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यातलं जानवळ पश्मीसाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी ही कुत्री सशामागे धावत. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी घातली. आता ती शेत राखतात, घर राखतात.

राखणदार कुत्रा धीट हवा. भित्रा कुत्रा घाबरून पटकन चावतो, आणि बऱ्याचदा चावा बसतो तो लहान मुलांनाच!

हा धीटपणा येतो कुठून? पिल्लाचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून पुढचे अडीच-तीन महिने फार मोलाचे. या काळात जे न घाबरता पाहिलं, ते 'आपलं' वाटतं. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९६१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही पिल्लं चौदा आठवडे माणसांपासून दूर, कुंपणाच्या आत वाढवली. नंतर ती माणसाजवळ यायलाच तयार होईनात!

म्हणून पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्या, पण रोज त्याला हळुवार हाताळा. घरी आणल्यावर रोज एखादी नवी ओळख करून द्या. फेटेवाले आजोबा, काठी टेकत येणारी आजी, ट्रॅक्टर, लांबून हलगीचा आवाज. ते मागं सरकलं, तर ओढू नका. थोडं लांब न्या, खाऊ द्या. लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका, कडेवर घेऊन फिरवा. यात्रेची गर्दी मात्र इवल्या पिल्लाला नकोच. तिथं ते धीट व्हायचं सोडून बिचकतं. आणि दिवसभर गोठ्यात बांधून तर मुळीच ठेवू नका.

तीन महिन्यांचं झालं, की रेबीजची लस टोचून घ्या. कुत्रा चावला किंवा ओरखडला, मग तो घरचा का असेना, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. घरी लगेच सांगा आणि सरकारी दवाखान्यात जा. लपवायचं नाही हं!

आणि यात्रेत पश्मी दिसला, तर आधी मालकाला विचारा, "काका, हात लावू का?" ते 'हो' म्हणाले, तर बाजूला उकिडवे बसा आणि त्याला तुमचा हात हुंगू द्या. जवळ यायचं की नाही, ते त्यालाच ठरवू द्या.